मला रंग कळत नाहीत

माझी पहिली नोकरी एका हॉटेलच्या तळघरात होती. उशांचे अभ्रे. वर कुणीतरी त्यांच्यावर डोकं टेकून घोरायचं, लाळ गाळायचं, आणि खाली आम्ही बायका ते वाफेच्या इस्त्रीखाली घालून पुन्हा कोरे करायचो. मुकादमीण म्हणायची, "एक सुरकुती दिसली तर अख्खा गठ्ठा परत." मला सुरकुती कधी दिसायचीच नाही, कारण माझं लक्षच नसायचं. तिने मला काढून टाकलं. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर आधीच काढलं असतं.

दुसरी नोकरी बुटांच्या दुकानात. गुडघे टेकून परक्या माणसांच्या मोज्यांचा वास घ्यायचा आणि वर बघून म्हणायचं, "अगदी शोभून दिसतोय." तिसरी एका कचेरीच्या दारातल्या टेबलामागे. तिथे काम असं नव्हतंच, हसायचं होतं फक्त. साहेब येता-जाता सांगायचे, "दात दिसू देत, दात." माझे पुढचे दोन दात फावड्यासारखे. दाखवले. थोड्याच दिवसांत तेच साहेब म्हणाले, "जरा कमी दाखव." त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीही नोकरी गेली.

वर पोचलेली माणसं अशा नोकऱ्यांबद्दल नंतर फार गोड बोलतात. त्यातून शिस्त शिकलो, नम्रता शिकलो, माणसं वाचायला शिकलो. मी काही शिकले नाही. मला कंबरदुखी मिळाली आणि मोज्यांचा वास मिळाला. तेव्हा शिकवण वगैरे ऐकायची असेल त्याने दुसरीकडे जावं. मला मनापासून आवडणारं काम मिळालं, आणि ज्या बाईने ते हातात दिलं तिनेच त्यातलं अर्धं माझ्यापासून लपवून ठेवलं, ती गोष्ट मला सांगायची आहे.

ती बाई माझी आत्या. बाबांची थोरली बहीण. तिची दातांची लॅब होती. म्हणजे दात काढणारे डॉक्टर वेगळे. ते पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि आत्याकडे त्या मापावरून कवळ्या, कॅपा, सुटे दात तयार व्हायचे. एका जुन्या इमारतीचा पहिला मजला. बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे तोंड करून मोठी खिडकी, तिथे आत्याचं टेबल. आतल्या खोलीत ट्यूबलाइट, भट्टी, आणि कोपऱ्यात प्लास्टरवाले काका. ते मापात प्लास्टर ओतून तोंडाचे साचे काढायचे. त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या, म्हातारपणाने किती आणि प्लास्टरने किती ते कुणाला सांगता आलं नसतं.

कचेरीतून हाकललं गेल्यावर आईने मला आत्याकडे नेलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या दातांकडे बघितलं आणि म्हणाली, "ये गं पटाशी. बस." पुढच्या दातांना पटाशीचे दात म्हणतात, त्यावरून माझं तिथलं नाव पडलं ते पडलंच. तिने माझ्यापुढे साबणाची वडी ठेवली, एक खरी दाढ ठेवली आणि बारीक सुरी दिली.

"ह्याच्यातून ही काढ."

मी काढायला बसले. दाढ म्हणजे पांढरा ठोकळा अशी माझी समजूत होती. तिच्यावर डोंगर असतात, दऱ्या असतात, एका बाजूला उतार कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त, आणि प्रत्येक उतारामागे कारण असतं. वरच्या दाढेचा डोंगर खालच्या दाढेच्या दरीत बसतो, तेव्हा माणूस चावू शकतो. मी किती वेळ कोरत होते मला माहीत नाही. काकांनी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. "अगं, डबा खाल्लास का? सगळे जेवून आले." मला भूक लागल्याचं कळलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला घड्याळ आठवलं नव्हतं.

आत्याने ती साबणाची दाढ उचलली, उलटी केली, सुलटी केली. तिच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटलं, कौतुक.

पुढे मी मेण शिकले. मेणाचा दात कोरायचा, हिरडीची कड वळवायची. माझा हात चालायला लागला. डॉक्टर फोनवर विचारायचे, "ही कॅप कुणी केली? चावून बघितल्यावर घासावीच लागली नाही." आत्या म्हणायची, "माझ्या थोरलीने." थोरली म्हणजे मी. तिला एक मुलगी होती, माझी आतेबहीण, तिला मोठी झाली तरी सगळे छकुलीच म्हणायचे. ती दूर कुठे तरी विमान कंपनीत तिकिटांचं काम करायची. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मला दोन मुली. एक आकाशात, एक इथे दातात." लोक हसायचे. मीही हसायचे. मनातून फुलून जायचे.

आता रंगाचं सांगते. आकार हा दाताचा निम्मा भाग. उरलेला निम्मा रंग. दात पांढरे नसतात. तुमचेही नाहीत, आरशात बघा. मुळाशी पिवळट, मध्ये धुरकट, टोकाला किंचित निळसर. समोरचा एकच दात करायचा असेल तर शेजारच्याशी तो इतका जुळायला हवा की बायकोलाही कळू नये. त्यासाठी नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते, पंख्यासारखी उघडते. पेशंट लॅबमध्ये येतो, त्याच्या दाताशेजारी पट्टी धरायची आणि शेड ठरवायची. ज्याला शेड ठरवता येत नाही, तो कितीही चांगला कोरत असला तरी दुसऱ्याच्या हाताखालीच राहतो.

माझी वेळ आली तेव्हा आत्या मला आतल्या खोलीत घेऊन गेली, ट्यूबलाइटखाली. हातात पट्टी दिली, एक तयार दात दिला.

"जुळव. आणि घाई करू नको. टक लावून बघ. डोळा रुजू दे त्याच्यात."

मी टक लावली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुरुवातीला वाटलं, हा तिसरा. मग वाटलं, चौथा. मग सगळे एकसारखे.

"अजून बघ."

अजून बघितलं. पट्टी म्हणजे नुसता पिवळा चिखल झाला.

"आत्या, सगळे सारखेच दिसतायत."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. किती मायेने, काय सांगू. "असतं गं एकेकाचं. लाल-हिरवं कळतं, पण बारीक छटा कळत नाहीत तुला. तुझ्या बापालाही कळत नव्हत्या. त्याच्याकडूनच आलंय हे."

बाबा मी लहान असतानाच गेले होते. त्यांच्याकडून मला आलेलं असं काही कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी ते दुखणं जवळजवळ प्रेमाने घेतलं. पुढे अधूनमधून आत्या परीक्षा घ्यायची, त्याच ट्यूबखाली, तशीच टक लावायला लावून. मी तशीच नापास. मग परीक्षा थांबल्या. मी कोरायचे, रंग आत्या ठरवायची. मी काळे आणि करडे कपडे घालायला लागले, चूक व्हायला नको म्हणून. घराला रंग द्यायचा होता तेव्हा शेजारणीला म्हटलं, तूच निवड बाई, मला रंग कळत नाहीत. तिने निवडलेल्या रंगाकडे बघून मला रोज सकाळी ओकारी यायची, पण मला वाटायचं, माझाच डोळा खराब. अशी आठ-नऊ वर्षं गेली.

मग एक दिवस मोठे सर आले. मोठ्या हॉस्पिटलची एक वेगळी लॅब होती, तिचे ते प्रमुख. अपघातात किंवा आजारात ज्यांचा चेहरा गेला, अशा माणसांसाठी तिथे कान, नाकं, डोळे बनवतात. नुसतं ऐकून माझे हात शिवशिवायला लागले. त्यांना माणूस हवा होता. माझ्या कॅपा त्यांनी डॉक्टरांकडे बघितल्या होत्या.

"हात कुणाचा आहे हा?" त्यांनी विचारलं.

"हिचा," आत्या म्हणाली. "हात सोन्याचा आहे हो. पण काय करायचं, डोळा..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. मीच पुरं केलं. आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणाले, "मला रंग कळत नाहीत, सर."

त्यांचा चेहरा पडला. "अरेरे. आमच्याकडे तर सगळा खेळच रंगाचा." जाताना म्हणाले, "जागा अजून भरलेली नाही. कुणी असेल तर सांगा." आत्याने मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

काही आठवड्यांनी छकुली परत आली. तिकिटांचं काम आता यंत्रं करतात म्हणे. आत्या म्हणाली, "हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा इथे बस. घरचंच आहे." मला आनंदच झाला. ती मला ताई म्हणायची आणि तिच्याकडे प्रवाशांचे भन्नाट किस्से होते.

तिच्या पहिल्याच आठवड्यात एक शिक्षिका समोरच्या दाताची शेड द्यायला आल्या. मी आतल्या खोलीत मेण कोरत होते. एक साचा विचारायला म्हणून दारापर्यंत आले. आत्या आणि छकुली खिडकीत होत्या, पाठ माझ्याकडे.

"दिव्याखाली शेड कधी बघायची नाही," आत्या सांगत होती. "दिवा खोटं बोलतो. नेहमी खिडकीत, दिवसा. लिपस्टिक पुसायला लाव. दात ओला ठेवायला सांग. हं, आता पट्टी धर. बघ. बस, पुरे! काढ नजर!"

"एवढ्यात? मी बघितलंच कुठे?"

"पहिल्या नजरेत दिसतं तेच खरं. तो काचेवरचा निळा कागद बघ, त्याने डोळा ताजा होतो. मग परत एक नजर. टक लावायची नाही, छकुली. टक लावली की डोळा थकतो आणि सगळे दात सारखे दिसायला लागतात. टक लावणाऱ्याला जन्मात शेड कळायची नाही."

शिक्षिका तोंड उघडं टाकून बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं. आत्याने नाही.

तो निळा कागद मी कित्येक वर्षं बघत होते. मला वाटायचं, ऊन लागू नये म्हणून लावलाय. एकदा तो विटला तेव्हा नवा मीच कापून चिकटवला होता.

मी परत आत आले. काका प्लास्टर कालवत होते.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वर बघितलं नाही. मी काय विचारतेय ते त्यांना बरोबर कळलं, ह्यातच उत्तर आलं. "प्लास्टर धरायला लागलंय. आत्ता नको."

"माहीत होतं का नाही?"

"मी तोंडाचे साचे ओततो, पोरी. तोंड उघडत नाही." मग काठी वाडग्यात तशीच सोडून ते हळूच म्हणाले, "आणि तू गेली असतीस. मग ह्या खोलीत माझ्याशी बोलणारं कोण होतं?"

म्हणजे ह्यांनाही मी हवी होते. सगळ्यांना मी हवीच होते. मला बांधून ठेवण्याइतकी हवी होते.

दुपारी आत्या आणि छकुली जेवायला वर घरी गेल्या. मी नवी पट्टी घेतली, जुन्या तुटक्या पट्टीतले सुटे दात घेतले आणि खिडकीत गेले. नमुन्यांवरचे आकडे चिकटपट्टीने झाकले.

"काका, इकडे या. मी जुळवते, तुम्ही आकडे तपासा. एवढं तरी करा."

ते आले. एक सुटा दात उचलला, पट्टीशेजारी धरला, एक नजर, निळा कागद, परत एक नजर. ठेवला. काकांनी चिकटपट्टी काढून बघितली.

"बरोबर."

दुसरा. "हाही." तिसरा. "हाही बरोबर." मी घेत गेले, ठेवत गेले. दात एकमेकांपासून असे वेगळे दिसत होते, जशी शाळेतली पोरं वेगळी दिसतात. एक राखी झाक असलेला, एक मधासारखा, एक आतून गुलाबी. काकांचा आवाज बारीक होत गेला. "पुरे कर आता. ती येईल."

"येऊ दे."

संध्याकाळी घरी जाऊन मी आईला फोन लावला. "आई, बाबांना रंग कळत नव्हते का?"

"कुणाला? तुझ्या बाबांना?" आई हसायला लागली. "अगं, माझ्या स्वेटरची लोकर तेच निवडून आणायचे. दुकानदार कंटाळायचा. हा नको, ह्यात जरा जास्त निळं आहे, म्हणून दहा गुंडे उलगडायला लावायचे. का गं?"

मी म्हटलं, सहज. फोन ठेवला आणि भिंतीवरच्या त्या ओकारी आणणाऱ्या रंगाकडे बघत बसले. रंग खरंच घाण होता. माझा डोळा बरोबर होता. माझ्याकडे बाबांचं एवढंच काहीतरी होतं, आणि तेही ह्या बाईने उलटं करून दिलं होतं.

सकाळी मी आत्याच्या टेबलापुढे उभी राहिले. छकुली तिथेच होती. असू दे म्हटलं.

"आत्या, बाबांना रंग कळत नव्हते?"

"कोण म्हणालं?"

"तू."

"म्हणाले असेन कधी बोलता बोलता. काय काढलंयस सकाळी सकाळी?"

"काल तू हिला खिडकीत शिकवत होतीस. मी दारात होते."

आत्याचा हात पट्टीवर थांबला. ती खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. तेही तिने केलं नाही. चष्मा काढला आणि माझ्यावरच चिडली.

"मग काय करायला हवं होतं मी? तुझा हात पहिल्या दिवशी बघितला आणि मला धडकी भरली. माझ्याकडे शिकलेली एकेक पोर माझेच डॉक्टर घेऊन गेली. तुला डोळा दिला असता तर दोन वर्षांत शेजारच्या गल्लीत तुझी पाटी लागली असती."

"मग शिकवायचंच नव्हतंस."

"न शिकवून कसं चालेल? काम कोण करणार?"

हे तिने इतक्या साळसूदपणे विचारलं की छकुलीच्या तोंडून हसू फुटलं. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"हिला का शिकवलंस?"

"ती माझी मुलगी आहे."

"आणि मी?"

आत्या गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. ह्यात न कळण्यासारखं काय आहे, असा चेहरा. "तू भाची."

बरोबरच होतं. दोन मुली वगैरे पाहुण्यांसाठी होतं. मी म्हटलं, "मोठ्या सरांना फोन लाव. माझ्यासमोर. सांग, हिला रंग कळतात, पहिल्यापासून कळत होते, मी खोटं बोलले. गावातल्या प्रत्येक डॉक्टरला तू सांगून ठेवलंयस. तुझ्याशिवाय कुणाच्या तोंडून ते पुसलं जाणार नाही."

"आणि नाही लावला तर?"

"तर मी त्या शिक्षिकाबाईंपासून सुरुवात करते. एकेका डॉक्टरच्या दारात जाऊन सांगते."

तिला माहीत होतं, मी जाईन. तिने फोन लावला, स्पीकर चालू ठेवायला मी भाग पाडलं. पलीकडे सर आले आणि आत्याचा सूर एकदम बदलला, मधाळ झाला.

"सर, ती आमची पोर... हो, तीच. जागा आहे ना अजून? नाही, म्हटलं, आता कळायला लागलेत तिला रंग. हो ना! मीच मागे लागले होते तिच्या, रोज बसवून करून घेतलं. नाही हो, माझी कसली मेहनत. पोरीचंच श्रेय."

मी बघत राहिले. माझ्याकडून घेतलेली गोष्ट ती माझ्याच नावाने स्वतःला बक्षीस देत होती. आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. त्या घटकेला तिचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता.

मी फोन तिच्या हातातून घेतला. "सर, मीच बोलतेय. मला रंग पहिल्यापासून कळत होते. मला चुकीच्या उजेडात, चुकीच्या पद्धतीने बघायला लावून आंधळं ठरवलं होतं. मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही परीक्षा घ्या."

मग सर खाकरले. "हे बघा, घरातलं घरात ठेवावं. उद्या दहाला या. बघू."

बस. एवढंच. माझी एवढी वर्षं त्यांच्या लेखी घरातली कुरबूर होती.

"मिळालं ना?" आत्या म्हणाली. "मग माझी अब्रू काढायची काय गरज होती?"

मी आत जाऊन एप्रन काढला. काका भिंतीकडे तोंड करून साचा घासत होते, घासण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मी त्यांना हाक मारली नाही. बाहेर आले तर आत्या म्हणाली, "त्या डॉक्टरांच्या तीन कॅपा अर्ध्या आहेत तुझ्या टेबलावर." मला वाटलं ती थांब म्हणेल, चुकलं म्हणेल. तिला कॅपांची चिंता होती. वाईट ह्याचं वाटलं की माझी नजरही आपोआप त्या टेबलाकडे गेली. मधल्या कॅपची कड नीट वळवायची राहिली होती. ज्या कामाने मला पहिल्यांदा भूक विसरायला लावली ते काम तिने दिलं होतं, आणि ते मला तिच्यासकट आवडलं होतं. आता ते तिच्यातून सोडवून कसं काढायचं, मला कळत नव्हतं. आजही मेणाला सुरी लावते तेव्हा मनगट तिच्यासारखंच वळतं. हात कापून तर टाकता येत नाही.

मी जिना उतरायला लागले. मागून चपला वाजल्या. छकुली.

"ताई, थांब ना. मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर? नसतीस शिकली?"

ती कठड्याला धरून उभी राहिली. विचार केला तिने, मान्य करायला हवं. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"शिकले असते," ती म्हणाली. "तरी शिकले असते गं."

मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस," आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.